तू अन्नपूर्णा नव्हतीस, आते

एखाद्या बाईच्या श्रद्धांजलीत "तिला खायला फार आवडायचं" हे वाक्य तुम्ही कधी वाचलं आहे का? जरा आठवून बघा. "सुगरण होती" हे वाचलं असेल. "दारी आलेल्याला कधी उपाशी पाठवलं नाही" हे तर प्रत्येक फलकावर असतं. ती स्वतः काय खायची, किती चवीने खायची, कशासाठी वाट वाकडी करून जायची, हे कुठेच नसतं. बाईला हात असतात, जीभ नसते, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं आहे.

आते, मसुऱ्याच्या तिठ्यावर तुझाही फलक लागला आहे. मजकूर बाबांनी दिला. "अन्नपूर्णा हरपली." वाचलं असतंस तर हसून तुला ठसका लागला असता. तुझ्या हातची आमटी आम्ही घाबरत घाबरत खायचो. कोकमाची किती सोलं टाकायची याचा अंदाज तुला शेवटपर्यंत आला नाही, आणि तुझे घावणे तव्यावरून कधी अख्खे उतरले नाहीत. आई तुला चुलीजवळ उभंच करत नसे. "वन्सानू, तुमी बसा, मियां करतंय," म्हणायची, आणि तू खरोखर बसायचीस. आढेवेढे न घेता, पहिल्या पंगतीला, बाबांच्या शेजारी. गावातल्या बायका त्यावरून बोलायच्या. तुला ते ऐकू यायचं. तू म्हणायचीस, "बोलांदेत. बोलताना तेंची जेवणा थंड होतत, माझा नाय."

मी रागावले आहे, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको की दुःखाच्या भरात लिहिलं. दुःख आहेच, पण हात चालतो आहे तो रागाने.

तू खाणारी होतीस. बांगडा समोर आला की तुझं बोलणं थांबायचं. आधी पाठीकडचा तुकडा, मग पोटाकडचा, आणि टकली, म्हणजे माशाचं डोकं, सगळ्यात शेवटी, हातात धरून, डोळे मिटून. उरलेला काटा ताटाच्या कडेला असा अख्खा ठेवायचीस की मी लहानपणी त्याने बाहुलीचे केस विंचरले होते. तुझं जेवण झालं की घरात एक समाधान पसरायचं. स्वयंपाक कुणीही केलेला असो, ते यायचं तुझ्याकडूनच.

तू आरोग्यसेविका होतीस आणि तेव्हा तुझी नेमणूक कणकवलीकडे होती. महिन्याच्या मीटिंगला एकदा मला घेऊन गेलीस. मी दहा वर्षांची असेन. मीटिंग संपल्यावर डेपोजवळच्या हॉटेलात शिरलो. वेटरने कोपऱ्यातल्या पडद्याकडे हात केला. "बाई, फॅमिली तिकडे."

"माझी फॅमिली ही," म्हणत तू मला टपली मारलीस. "आनी तिका पंखो व्हयो. पडद्याआड बसान जेवाक आमी काय चोरी केलंव?"

आपण पंख्याखाली बसलो. सगळी पुरुषमाणसं. वेटर आला तेव्हा मी तुझ्या कानात सांगायला लागले. तू डोकं मागे घेतलंस. "माका कित्या सांगतंस? त्याका सांग."

"बांगडा," मी पुटपुटले.

"मोठ्यान सांग. मासो तुझो आसा."

बाजूच्या टेबलावरचे दोघे आपल्याकडे बघतच राहिले होते. तू त्यांना विचारलंस, "काय ओ, मीठ व्हया?" त्यांनी माना खाली घातल्या. आज मी सभेत उभी राहून बोलते तेव्हा लोक म्हणतात, बापाचं रक्त. त्यांना ते हॉटेल माहीत नाही.

बाबांचं रक्त वेगळं. आमच्या घरात पत्रकं निघायची. अक्षरओळख मला पाटीवर झालीच नाही, "जाहीर निषेध" आणि "बंधू-भगिनींनो" यांतून झाली. बाबा लिहायचे, मी मोठ्याने वाचून चुका शोधायची. जेवताना बाबा मजकूर वाचून दाखवायचे, आई मागे उभी राहून वाढायची. तू एकदा म्हणालीस, "तुझ्या बापाशीच्या कागदात सगळ्या जगाची समता आसा. वयनी कधी जेवतली, ता तेवढा नाय." बाबा हसले. मीही हसले. आईने भात वाढला. पत्रक दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं छापून आलं.

दक्षिणेच्या यात्रेतली तुझी गोष्ट तूच इतक्यांदा सांगितलीस की मी त्या बसमध्ये होते असंच मला वाटतं. आठवडाभर बटाटा आणि सांबार. रामेश्वरला दर्शन झालं, सगळे बसमध्ये चढले, आणि तू गायब. तासाने आलीस ती हाताला तळलेल्या माशाचा वास घेऊन. यात्रा चालवणारा गृहस्थ भडकला. "ओ बाई, तुम्ही देवाला आलाय की खायला?"

"दोघांक," तू म्हणालीस. "देवाचा झाला, आता माझा. आनी उद्या आजून कोणाक येवचा आसा?"

दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर चार बायका गेल्या. त्यांतली एक, देवबागची लुदविन टीचर, तुझी जन्माची मैत्रीण झाली. रामेश्वरच्या यात्रेत ख्रिस्ती बाई काय करत होती असं मी विचारलं की तू म्हणायचीस, "समुद्र बघूक इल्ली ती. तिका कोणी अडयल्यान नाय, मगे तू कित्या अडयतंस?" नंतर दर रविवारी टीचर चर्चमधून आल्यावर तुला फोन करायची. पहिला प्रश्न एकच, "आज काय खाल्लंस?" तुमची सोबत त्या प्रश्नावर उभी होती. तब्येत, पेन्शन, नातेवाईक, सगळं त्यानंतर.

आणि आपलं भांडण. ते अर्धंच राहिलं. देवबागला पर्यटक वाढले, सुरमईची ताटं आली, अर्धी खाऊन टाकलेली ताटं उष्ट्यात जायला लागली. मी त्यावर पत्रक काढलं. लोकांना पोटभर मिळत नाही आणि हे चवीचे चोचले करतात, असं लिहिलं. तू चष्मा लावून सगळं वाचलंस.

"टाकतत ता वायट. ता बरोबर लिवलंस," तू म्हणालीस. "पण चवीचे चोचले म्हंजे काय?"

"आते, भूक हा प्रश्न आहे. चव ही चैन आहे."

तेव्हा तू चिडलीस. तुझ्या चिडण्याला आवाज नसायचा, बोट असायचं. तू सांगितलंस की नोकरीत घराघरांतून फिरताना बाळंतिणींची ताटं बघायचीस. पेज आणि सुका भात. घरात मासळी शिजलेली असायची, पण ती शेतावरून येणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेली. कितीतरी घरांत तू पिशवी खाली ठेवून पाटावर बसलीस. "मियां हंयच जेवतंय. आनी ह्या चेडू माझ्याबरोबर. दोघांक वाडा." सरकारी बाईला नाही कोण म्हणणार? मग ती पोर तुझ्या शेजारी बसून आधी घाबरत, मग चाटून पुसून जेवायची.

"त्या पोरीक भूक व्हती तशी चवय व्हती," तू बोट रोखून म्हणालीस. "गरिबाक जीभ नसता, असा तुका कोणी सांगल्यान? भुकेच्या नावान कागद काढतंस. चवीच्या नावान कधी काढतलंस?"

मी म्हणाले, बघू. माझं उत्तर एवढंच. आज ते शब्द आठवले की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

यंदा दिवाळीनंतर तुझ्या पोटातलं दुखणं काय आहे ते कळलं. कणकवलीच्या डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाहेर बोलावलं. शांतपणे, समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "आता पथ्य काही नाही. त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या."

या वाक्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. आम्ही दोघे बोलणारी माणसं. खनिजाच्या खाणीविरुद्ध बोललो, बुवाबाजीविरुद्ध बोललो, कलेक्टरच्या तोंडावर बोललो. गाडीत तू विचारलंस, "डॉक्टर काय म्हणालो?" बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मी म्हणाले, "हलकं खायचं."

तू नर्स. चाळीस वर्षं माणसांचे चेहरे वाचलेली. माझा चेहरा वाचलासच असणार. "बरा," म्हणालीस आणि डोळे मिटलेस.

आईला आम्ही एवढंच सांगितलं की वेळ लागेल, बरं होईल. आईने विश्वास ठेवला, आणि विश्वास ठेवणारी माणसं आपल्याकडे जे करतात ते केलं. गावच्या देवीसमोर उभं राहून बोलून आली. वन्स उठून बसेपर्यंत त्यांच्या तोंडाला मासा लावायचा नाही. जे माणसाला सर्वांत प्रिय ते त्याच्या नावाने सोडायचं, म्हणजे देव ऐकतो. तिने स्वतःचे मासेही सोडले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आईवर कुणी बोट ठेवलं तर मला चालणार नाही.

तू उशीवरून मान वळवलीस. "माझ्या नावान बोललंस, आनी माका इचारलंस?"

"वन्सानू, तुमच्याचसाठी..."

"देवीक माझो बांगडो कित्याक व्हयो गो वयनी? तिका समुद्र कमी पडता?"

आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. तू लगेच नमलीस. "बरा, बरा. रडू नको. खावचंय नाय मियां."

मी दारात उभी होते. नवसाविरुद्ध स्वतः लिहिलेलं पत्रक मी त्याच महिन्यात आठवडी बाजारात वाटलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. "आई, डॉक्टर म्हणाले काहीही द्या." पण ते बोलले असते तर पुढचंही बोलावं लागलं असतं, आणि तुझ्यासमोर. म्हणून मी गप्प. आणि आज सगळं सांगायला बसलेच आहे तर हेही सांगते. मनाच्या एका कोपऱ्यात मलाही वाटलं होतं, न जाणो, नवसाने काही झालं तर? मी, जी लोकांच्या नवसांवर हसायची.

बांगड्याचे दिवस होते. शेजारच्या प्रत्येक घरातून वास यायचा. तुझ्या पुढ्यात मुगाचं कढण. तू ते प्यायचीस, औषध प्यावं तशी.

मग एका सकाळी घरापुढच्या खळ्यात रिक्षा थांबली. लुदविन टीचर उतरली. गुडघे धरून, कापडात बांधलेला डबा छातीशी घेऊन. देवबागवरून इतक्या लांब.

"खंय आसा ती? जागी आसा?"

"झोपलीय," मी म्हणाले.

"उठय तिका. बांगड्याचा तिखला हाडलंय, तिरफळा घालून. काल तिनाच फोन केल्यान. म्हणाली, वायच तरी हाड गो."

त्या तिखट कालवणासाठी तू फोन केला होतास. घरात मागून मिळणार नाही हे ओळखून तू बाहेर मागितलंस. दुसऱ्यांच्या घरात पाटावर बसून पोरींसाठी वाढून घेणारी तू, स्वतःच्या घरात पांघरुणात तोंड घालून फोन करत होतीस.

"टीचर, घरात मासे बंद आहेत. आईचा नवस आहे."

"आवशीचो. आनी तुझो?" तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाजारात माका नवसाचो कागद दिल्लंस, ता तूच मां?"

"आईला वाईट वाटेल."

"आवशीक मियां समजायतंय. माका आत सोड. पाच मिनटां, बाय."

आणि आतून तुझा आवाज आला. "कोण इला गो?"

मी म्हणाले, "कोण नाय, आते."

टीचर माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डब्याची सैल झालेली गाठ पुन्हा घट्ट बांधली. "तिका सांग, मियां इल्लंय," म्हणाली आणि रिक्षात बसली. मी तेही सांगितलं नाही.

आत आले तर तू डोळे उघडे ठेवून पडली होतीस. "वास इलो माका."

"शेजारी करतायत काहीतरी."

"बरो मासो आसा," तू म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड केलंस.

चार दिवसांनी तू गेलीस.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी तिखटाचं जेवण. सुतक संपलं, आता मासळी चालते. नवसही संपला, कारण जिच्यासाठी बोलला होता तीच नाही. बाबा पहाटे बंदरावर जाऊन स्वतः मासळी घेऊन आले. सुरमई, सुंगटा म्हणजे कोळंबी, आणि बांगडे. तुझी वाडी, म्हणजे कावळ्यासाठीचं पान, केळीच्या पानावर वाढली. तिखलं, तळलेली तुकडी, सोलकढी, सगळं. घरामागच्या परड्यात ठेवून माणसं मागे सरली नाहीत तोच कावळा उतरला.

"बघा, लगीच शिवलो!" कुणीतरी म्हणालं.

"तृप्त गेली. काय एक इच्छा रवली नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनीही. पानं मांडायला सुरुवात झाली. आणि मग माझ्याने राहवलं नाही. मी तिथेच, सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडले की ती तृप्त गेली नाही, ती बांगडा मागत गेली. डॉक्टर म्हणाले होते, वाटेल ते द्या. मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं. तिच्या मैत्रिणीने डबा आणला होता आणि मी तो दारातून परत पाठवला.

आईच्या हातात भाताचं पातेलं होतं. तिने ते खाली ठेवलं. मला वाटलं, आता नवसाचं बोलेल, देवीचं बोलेल.

"माका सांगलंस कित्या नाय?" ती म्हणाली. "मियां त्याच दिवसा रांधून घातलंय असतंय. देवीक काय सांगूचा ता मियां बघलंय असतंय."

ऐकलंस, आते? जिला मी अडाणी श्रद्धाळू समजत होते, ती तुझ्यासाठी देवीशीसुद्धा भांडली असती. तिला फक्त खरं सांगायला हवं होतं. मी खरं जगाला सांगत फिरत होते, आणि जिथे ते चार माणसांत, एका खोलीत, एका ताटापुरतं सांगायचं होतं, तिथे माझी वाचा बसली. आई अजून मासे खात नाही. आता नवस नाही, घास उतरत नाही म्हणून. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. बाबा सकाळी कागद पुढे घेऊन बसतात आणि कोरा कागद ठेवून उठतात.

काल मी देवबागला जाऊन आले. टीचरने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी त्या डब्याचं विचारलं. ती म्हणाली, "काय करतलंय? रिक्षावाल्याक खाडीच्या बाजूक थांबयलंय, आनी मियां खाल्लंय. सगळा. तिच्या वाटणीचाय." आणि मग, "माफी माका मागू नको. माका माफ करूचा नाय तुका, आज तरी."

तिचं बरोबरच आहे.

तू माझ्यावर रागावली असतीस का, ते मला कळत नाही. बहुधा आधी विचारलं असतंस की तिखलं कसं झालं होतं. एखाद्या माणसाने एखाद्या घासावर एवढं प्रेम करावं, आणि त्या प्रेमात ओळख नसलेल्या पोरींनाही शेजारी बसवून घ्यावं, हे मी तुझ्यात बघितलं आणि त्याला खादाडपणा समजत आले. तू मला पंख्याखाली बसायला शिकवलंस. तुझ्यासाठी मी दारातून बाजूला झाले नाही. हे असंच राहणार आहे. मी ते गोड करून घेणार नाही.

तू मागितलेलं पत्रक हेच. बाजारच्या दिवशी मी ते स्वतः वाटणार आहे.

आणि ज्याच्या हातात हे पडेल त्याला माझं एकच सांगणं आहे. तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर डॉक्टर तुम्हाला दाराबाहेर जे बोलले ते आत जाऊन त्या माणसाला सांगा. कुणी त्याच्या नावाने काही सोडलं असेल, तर ज्याने सोडलं त्यालाही शेजारी बसवा, आणि त्याच्यासमोरच आजारी माणसाला विचारा, काय खाणार? डॉक्टरांनी अडवलेलं नसेल, तर ते आज रांधा. दोन घास गेले तरी चालतील. आज दुपारच्या आत रांधा, आणि आपलं पान त्याच्या बिछान्याशेजारी मांडून बसा.